हिरड्यांतून येणारे रक्त आणि मिसरीची डबी



शहादा तालुक्यातील एका गावाहून आलेले एक पत्र माझ्यासमोर आहे. पत्रलेखकाच्या आईचे वय ५२ वर्षे. सकाळी चूळ भरताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त येते आणि हे चार-पाच वर्षांपासून चालू आहे. दुखत मात्र काहीच नाही. घासले की रक्त येते म्हणून त्यांनी ब्रश सोडून दिला आणि बोटाने मिसरी लावणे तेवढे चालू ठेवले. मिसरीने हिरड्या आवळतात, असे त्यांचे म्हणणे. आता खालचे पुढचे दोन दात हलू लागले आहेत, त्यांच्यामध्ये फट पडली आहे आणि ज्वारीची भाकरी त्या कालवणात कुस्करून खातात. शेजारपाजारचे सांगतात की सगळेच दात काढून कवळी बसवावी, म्हणजे रोजची कटकट मिटेल. पत्रलेखक विचारतात, दात वाचतील का?

बहुधा बरेचसे वाचतील. कोणते वाचतील हे प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. मात्र या माउलीने जे सोडले ते धरायला हवे होते आणि जे धरले ते सोडायला हवे होते. ही उलटापालट नंदुरबार जिल्ह्यात नवापूरपासून धडगावपर्यंत घरोघरी होत असते. म्हणून या पंधरवड्याचे सदर त्या एका पत्राच्या उत्तरासाठी राखून ठेवले आहे.

प्रथम रक्ताविषयी. निरोगी हिरडी घासल्याने रक्ताळत नाही. दात आणि हिरडी जेथे मिळतात तेथे एक अरुंद खाच असते, निरोगी तोंडात ती साधारण एक ते तीन मिलिमीटर खोल. या खाचेच्या काठावर जंतूंचा एक चिकट, पांढुरका थर सतत बसत असतो. तो नुसत्या चुळीने जात नाही, घासूनच काढावा लागतो. तेथेच राहू दिला तर शरीर त्या जंतूंशी लढण्यासाठी हिरडीकडे अधिक रक्त पाठवते. हिरडी सुजते, लाल होते, आणि किंचित स्पर्शानेही रक्ताळते. म्हणजे रक्त येते ते घासल्यामुळे नव्हे, पूर्वी नीट न घासल्यामुळे येते. रक्त पाहून ब्रश टाकून देणे म्हणजे धूर दिसला म्हणून पाण्याची घागर दूर ठेवण्यासारखे आहे.

हे अनुमान नाही. १९६५ साली डेन्मार्कमधील आऱ्हुस येथे हाराल्ड ल्यो या दंतवैद्यांनी १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे पूर्णपणे थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. त्यांनी पुन्हा दात स्वच्छ करायला आरंभ केला आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. या अवस्थेला हिरड्यांचा दाह म्हणतात, आणि या टप्प्यावर आजार पूर्णपणे परत फिरतो. पत्रातील आईंचे चार-पाच वर्षांपूर्वीचे रक्त बहुधा याच टप्प्याचे होते.

पुढे काय होते? तो मऊ थर लाळेतील क्षार शोषून काही दिवसांतच दगडासारखा कठीण होऊ लागतो. यालाच आपण दातांवरचे किटण म्हणतो, दवाखान्यात टार्टर म्हणतात. लाळेच्या नलिका जेथे उघडतात तेथे ते सर्वाधिक जमते, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूस. खालचे पुढचे दात आधी हलू लागतात त्यामागे हेही एक कारण असते. किटणाच्या खडबडीत पाठीवर नवा थर अधिक सहज बसतो आणि हळूहळू हिरडीखाली सरकतो. खाच चार, पाच, सहा मिलिमीटर खोल होते. दाताला जबड्याच्या हाडाशी बांधून ठेवणारे बारीक तंतू तुटतात आणि मग ते हाडच झिजू लागते. हाच आपल्याकडे पायरिया म्हणून ओळखला जाणारा विकार. झिजलेले हाड सहसा भरून येत नाही. उपचाराने झीज थांबवता येते, गेलेले परत आणणे कठीण. आणि या साऱ्या काळात दुखत नाही, हीच खरी मेख आहे. किडलेली दाढ ठणकली की माणूस रातोरात दवाखाना गाठतो. हिरडी मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने झिजत राहते.

येथे काही वाचक म्हणतील, आमच्या आजीने आयुष्यात ब्रश पाहिला नाही, तरी ऐंशीव्या वर्षी ती शेंगदाणे फोडून खात असे. खरे असेल. याच ल्यो यांनी १९७० पासून श्रीलंकेतील चहामळ्यांतील ४८० मजुरांच्या दातांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. या मजुरांना दंतोपचार मिळत नव्हते आणि ते दातांची नियमित स्वच्छताही करत नव्हते. हिरड्या जवळजवळ सर्वांच्याच सुजलेल्या होत्या. तरी त्यांपैकी सुमारे ११ टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही, ८१ टक्के लोकांची झीज मध्यम गतीने झाली आणि ८ टक्के लोकांचे दात झपाट्याने गेले. आजी त्या अकरांतली असावी. आपण कोणत्या गटातले आहोत हे मात्र दात हलू लागेपर्यंत कळत नाही.

आता मिसरीकडे वळू. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड अनेक घरांत दात घासण्याचे साधन म्हणून वापरली जाते. तपकीर लावणाऱ्या स्त्रियाही कमी नाहीत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य धूर न काढता घेणारे होते. मिसरीने 'हिरड्या आवळतात' हा अनुभव खोटा नाही. तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्यांना आकुंचित करते. त्यामुळे रक्त कमी दिसू शकते आणि माणसाला वाटते, आजार बरा होत आहे. प्रत्यक्षात आजाराची एकमेव दिसणारी खूण पुसली जाते. मिसरी जेथे रोज चोळली जाते तेथील हिरडी मागे सरकते, दाताचे मूळ उघडे पडते. कर्करोगाचा धोका तर वेगळाच. मिसरी लावल्यावाचून पोट साफ होत नाही, डोके धरते, अशी कारणे सांगितली जातात. ते व्यसनाचे लक्षण आहे, दात घासण्याची गरज नव्हे. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

राखुंडी आणि विटेची पूड यांच्या बाबतीतही सावध राहावे, कारण दाताचे कवच त्यांनी घासून जाते. कडुनिंबाच्या वा बाभळीच्या काडीला मात्र मी नावे ठेवणार नाही. टोक नीट चावून मऊ कुंचल्यासारखे केले तर ती दातांची बाहेरची बाजू चांगली साफ करते. आतल्या बाजूला आणि दाढांच्या मागे ती पोहोचत नाही, एवढाच तिचा दोष. काडी सकाळी आणि मऊ ब्रश रात्री, ही जोडी उत्तम. ब्रश दात व हिरडीच्या सांध्यावर तिरका टेकवून, दोन मिनिटे, हलक्या हाताने फिरवावा. पेस्ट नसली तरी अडत नाही, हिरडीचे काम केसांच्या घासण्यानेच होते. पहिले काही दिवस अधिक रक्त येईल. येऊ द्यावे.

पण आईंच्या दातांवर आता किटण आहे, आणि ते घरच्या घासण्याने निघणार नाही. त्यासाठी दंतवैद्याकडे सफाई करून घ्यावी लागते. खाचा खोल असतील तर हिरडी बधिर करून मुळांपर्यंतची सफाई दोन-चार बैठकांत होते. सहा ते आठ आठवड्यांनी खाचांची खोली पुन्हा मोजतात. काही खाचा तरीही खोल राहिल्या तर हिरडी उचलून आतून साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया लागते. हलणारे दात शेजारच्या पक्क्या दातांना बांधून आधार देता येतो. आधार देणारे हाड फारच थोडे उरले असेल, असा दात काढणेच योग्य. पण तो एक, किंवा दोन. सगळे नव्हेत. कवळीने चावण्याचा जोर आपल्या दातांच्या मानाने फारच कमी राहतो, आणि दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजतच जाते, म्हणून कवळी काही वर्षांत सैल होते. नुसत्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही, कारण औषध त्या थराच्या आत पुरेसे शिरत नाही.

'सफाई केली की दात सैल होतात' ही समजूत फार दृढ आहे आणि तिच्यामुळे अनेक दात जातात. तिचे मूळ असे: हाड आधीच झिजलेले असते आणि किटणाचा थर दातांना खोट्या सिमेंटसारखा जखडून ठेवतो. तो निघाला की सूज उतरते, फटी उघड्या पडतात, पाणी झोंबते, आणि दात हलतो हे प्रथमच जाणवते. झोंबणे बहुधा काही आठवड्यांत कमी होते.

नंदुरबारच्या वाचकांसाठी आणखी दोन गोष्टी. आपल्या जिल्ह्यात आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. तो आजार असलेल्यांनी दंतवैद्याला आधीच सांगावे, भरपूर पाणी पिऊन जावे, आणि हिरडीची सूज वा गळू अंगावर काढू नये, कारण जंतुसंसर्ग आणि शरीरातील पाण्याची कमतरता या दोन्हींमुळे वेदनांचा झटका उद्भवू शकतो. ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे त्यांच्या हिरड्या फिकट असतात. त्यामुळे सूज असूनही लाली दिसत नाही. हिरडीचा नुसता रंग पाहून निश्चिंत होऊ नये.

दुसरी गोष्ट वेळेची. पुस्तकात लिहिले असते की पायरियाच्या रुग्णाने दर तीन महिन्यांनी तपासून घ्यावे. दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला हे सांगणे निरर्थक आहे. त्यांनी होळीला गावी परतल्यावर पहिली सफाई करावी आणि दिवाळीपूर्वी, मुकादमाबरोबर निघण्याआधी, दुसरी. वर्षातून दोनदा हे कमी आहे, पण शून्यापेक्षा कितीतरी अधिक. तळावर ब्रश आणि तांब्याभर पाणी एवढे पुरते. जिल्हा रुग्णालयात जाण्यापूर्वी, आणि जवळच्या ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयातही, दंतचिकित्सक कोणत्या दिवशी असतात हे विचारून निघावे, म्हणजे मजुरी बुडवून केलेली खेप वाया जात नाही.

पत्रलेखकास शेवटची सूचना. सफाईआधी आईंच्या रक्तातील साखर तपासून घ्या. अनियंत्रित मधुमेहात पायरियाचा धोका सुमारे तिप्पट होतो, आणि उलट हिरड्या सुधारल्या की साखर आटोक्यात ठेवणे थोडे सोपे जाते. पन्नाशीनंतर वेगाने हलू लागलेले दात ही मधुमेहाची पहिली खूण ठरल्याची उदाहरणे दंतवैद्यांना पुष्कळ भेटतात. रक्त हिरड्यांबरोबर नाकातूनही येत असेल, अंगावर काळेनिळे डाग उठत असतील किंवा ताप असेल, तर सफाईची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवून रक्ततपासणी करावी. दंतवैद्याकडे जाताना आईंनी मिसरीची डबी सोबत न्यावी. ती दिवसातून किती वेळा लावतात, कोणत्या बाजूला चोळतात, हे त्यांनी स्वतःच दाखवावे. सुनेसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर सुनेने पाच मिनिटे बाहेर थांबावे.