कुंडीतला दिलासा

हल्ली गोरेगावात कोणाच्याही नव्या घरी गेले, की दिवाणखान्याच्या कोपऱ्यात स्नेक प्लांटची कुंडी दिसते. खिडक्या बंद, वातानुकूलन यंत्र चालू, आणि यजमान अभिमानाने सांगतात, ‘‘हे झाड घरातली हवा शुद्ध करते.’’ आमच्या धर्मग्रामांतूनही पुष्पगुच्छाऐवजी रोप देण्याची प्रथा रुजू लागली आहे. प्रथा चांगलीच आहे. तिच्या आडोशाने वाढलेल्या समजुतीशी मात्र आमचे भांडण आहे.

ही समजूत १९८९ सालची. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेसाठी वॉल्व्हरटन या शास्त्रज्ञाने हवाबंद लहान पेट्यांत रोपे ठेवून बेंझिन, फॉर्मल्डिहाइड यांसारखी द्रव्ये कमी होतात का, हे तपासले. ती कमी झाली, यात खोटे काही नाही. पण आमची घरे म्हणजे हवाबंद पेट्या नव्हेत. २०१९ च्या नोव्हेंबरात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज व वॉरिंग या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. इमारतीत सहज खेळणारी हवा जेवढे काम करते, तेवढे रोपांकडून करून घ्यायचे, तर दर चौरस मीटरला १० ते १००० रोपे हवीत! चारशे चौरस फुटांच्या घरात, अगदी कमीत कमी धरली, तरी पावणेचारशेच्या आसपास कुंड्या झाल्या. मग माणसांनी राहायचे कुठे?

विनोद इथेच संपत नाही. कुंडीखालच्या बशीत पाणी साचते, त्यात डास होतात, आणि त्यांना पळवण्यासाठी आम्ही बंद खोलीत कॉइल जाळतो. नवा रंग, प्लायवूडचा गोंद, फोडणीचा धूर, सारे त्याच खोलीत कोंडतो आणि एका मुक्या रोपाकडून शुद्धीची अपेक्षा करतो.

कोणी म्हणेल, खिडकी उघडली तर बाहेरची धूळ आत येते. खरे आहे. आणि म्हणूनच प्रश्न खिडकीबाहेरचा आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालू लागल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. मेट्रोला आमचा विरोध नाही. तिने रस्त्यावरचा धूर कमी व्हावा, हीच आमचीही इच्छा आहे. वाद कारशेडच्या जागेचा होता. त्या रात्री विरोधाला धावलेल्या तरुणांना अटक झाली. आम्ही मात्र घरी कुंड्यांना पाणी घालत होतो. हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या पत्रात पृथ्वीला सर्वांचे सामाईक घर म्हटले. आम्ही ते शब्द प्रवचनात ऐकले आणि आपापल्या घराचे दार लावून घेतले. पुनर्विकासाच्या करारात आम्ही पार्किंगची जागा इंचाइंचाने मोजतो. अंगणातल्या आंब्याचे काय होणार, हे विचारत नाही. आवार नीटनेटके दिसावे म्हणून झाडांच्या बुंध्यांपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतो आणि मग त्याच आवारात रोपवाटपाचा कार्यक्रम घेतो.

कुंडी अवश्य ठेवावी. तिची हिरवाई मनाला निववते, मुलांना जीव जोपासायला शिकवते. पण हवेसाठी सकाळी समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, स्वयंपाकघरातला धूर बाहेर काढणारा पंखा लावावा, रंगकामानंतर घर काही दिवस मोकळे ठेवावे. आणि झाडावर तोडीची नोटीस चिकटलेली दिसली, तर मुदतीच्या आत महापालिकेकडे लेखी हरकत नोंदवावी. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने नागरिकाला तो हक्क दिला आहे. त्याला खर्च एका अर्जाचा. कुंडीहून तो स्वस्तच आहे.