वास जाईल, मांजर राहील

काशीला पंचगंगा घाटाच्या वर, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत माझ्या मावशीचे सासर आहे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागात मराठी कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून राहत आहेत. गेल्या श्रावणात मावशीच्या नातीची पहिली मंगळागौर होती, म्हणून मी चार दिवस आधीच जाऊन पोहोचले.

उंबरठा ओलांडला आणि नाकाला झिणझिण्या आल्या. बैठकीत मांजरीच्या लघवीचा वास भरून राहिला होता. सूनबाईंनी उदबत्त्या लावल्या, धूप केला, फिनेल टाकून फरशी पुसली. तासभर बरे वाटे, पुन्हा तेच.

मावशी वैतागून म्हणाली, ''मंगळवारी सवाष्णी येणार. त्यांनी काय नाकाला पदर लावून पूजा करायची? ती मांजर घाटावर सोडून या.''

सूनबाई हळूच म्हणाल्या, ''आई, सहा वर्षं घरात वाढली आहे ती. घाटावरच्या कुत्र्यांत एक रात्र तरी टिकेल का? मला मंगळवारपर्यंत वेळ द्या.''

मावशी काही बोलली नाही. आम्ही दोघींनी पदर खोचला.

वास परत का येतो?

लघवी वाळली तरी तिच्यातील क्षार फरशीच्या छिद्रांत, लाकडात, गादीच्या कापसात राहतात. त्यातला काही भाग नुसत्या पाण्याने विरघळत नाही. हवा दमट झाली की तो ओल धरतो आणि वास पुन्हा उठतो. म्हणूनच उन्हाळ्यात न जाणवणारा वास पावसाळ्यात छळतो. काशीच्या जुन्या घरांतून चुनारचा दगड असतो. तो पाणी शोषतो आणि गल्ल्या अरुंद असल्याने ऊनही नीट येत नाही. उदबत्तीचा सुवास अशा वासावर नुसता पांघरूण घालतो.

म्हणून आधी जागा शोधा. दमट दिवशी, खोली तासभर बंद ठेवून मग गुडघ्यावर बसून कोपरान्‌कोपरा हुंगा. आम्हाला तीन जागा सापडल्या: जिन्याजवळचा कोपरा, जुन्या पेटीची खालची फळी आणि सतरंजीची एक कड.

घरातलेच उपाय

• डाग ताजा असेल तर घासू नका. जुने सुती कापड दाबून ओल टिपून घ्या, मग गार पाण्याने धुवा. कढत पाणी वापरू नये.

• वाळलेल्या डागावर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून ओता. पंधरा मिनिटांनी टिपून घ्या आणि साध्या पाण्याने पुसा. लघवीतून तयार होणारा अमोनिया आम्लाने मरतो.

• जागा वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून घ्या.

• हट्टी डागासाठी औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. बाटलीवर ६ टक्के लिहिले असेल तर तेवढेच पाणी मिसळा. डागावर सोडा पसरून त्यावर एक वाटी हे पाणी आणि चमचाभर भांड्यांचा पातळ साबण ओता. फेस बसला की पुसून काढा. हातात रबरी मोजे घाला. रंगीत कापडाचा रंग उडू शकतो, तेव्हा आधी न दिसणाऱ्या कडेला करून पाहा. उरलेले मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका, दाबाने बाटली फुटते.

• सतरंजी, गोधडी धुताना शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घाला आणि कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा.

हे मात्र टाळा

संगमरवर, मोझेक, शहाबादी, कोटा आणि कडप्पा या फरश्यांवर व्हिनेगर घालू नका. आम्लाने त्या खातात, चकाकी जाते. तेथे साबणाचे पाणी आणि सोडा पुरे. चुनारचा दगड वालुकाश्म असल्याने तो टिकतो, पण सांध्यांत चुना असतो, म्हणून लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे पाणी लघवीवर टाकल्यास विषारी वायू निघतो. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एकत्र करू नये. फिनेल आणि डांबरगोळ्या मांजरांना बाधतात. फिनेलवर चालून मांजर पाय चाटते आणि विष पोटात जाते.

वासामागचे कारण

रविवारपर्यंत दगड आणि सतरंजी स्वच्छ झाली. पेटीच्या फळीने मात्र दाद दिली नाही, शेवटी ती काढून टाकली. लाकूड आतपर्यंत मुरले असेल तर हट्ट धरू नये.

पण सोमवारी सकाळी जिन्यापाशी पुन्हा ओल! तेव्हा कुठे आम्ही मांजरीकडे पाहिले. तिचे वाळूचे घमेले वर गच्चीत होते. काशीची माकडे पावसाळ्यात गच्चीवरच ठाण मांडतात. मांजर जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत जाई, माकड दात विचकी आणि ती परत फिरे. सूनबाईंनी घमेले जिन्याखालच्या आडोशाला आणले. त्या दिवसापासून एकही थेंब बाहेर पडला नाही.

आपल्या घरी माकडे नसतील, पण कारण असेलच. घमेले दिवसातून दोनदा साफ होते का? मांजरे दोन असतील तर घमेली तीन हवीत. बोका भिंतींवर फवारे मारत असेल तर त्याची नसबंदी करून घ्या. म्हातारा कुत्रा अचानक घरात लघवी करू लागला, तर रागावण्याआधी त्याला पशुवैद्याकडे न्या. आणि बोका पुन्हा पुन्हा बसून जोर करत असेल, लघवी मात्र होत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवी अडकून तो एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

मंगळवारी पूजा झाली, फुगड्या झाल्या, रात्र जागवली. वासाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पहाटे मावशी जिन्याखाली वाकून म्हणाली, ''अगं सूनबाई, हिला दूध घातलंस का?''