तिच्या हक्कावर उदक कोणीं सोडावें ?

गेल्या महिन्यांत आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या धाकट्या बहिणीस घेऊन तिसगावांतील आमच्या ओसरीवर आला. बहिणीचा चौदा वर्षांचा संसार परस्परसंमतीनें संपत होता, आणि अर्जाच्या मसुद्यांत एक ओळ होती : पत्नीस पोटगी नको. "गुरुजी, बहीण आम्हांला जड नाहीं," तो अभिमानानें म्हणाला. बहीण खालीं मान घालून बसली होती. लग्नापूर्वीं ती शिक्षिका होती आणि सासूच्या आजारपणांत तिनें नोकरी सोडली, हें आम्हीं विचारल्यावर कळलें.

असा अभिमान आपणां पांढरपेशा घरांत पुष्कळ आढळतो, म्हणून कायदा काय म्हणतो तें वाचकांनीं एकदां समजून घ्यावें. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याचें चोविसावें कलम दावा चालू असतांनाच्या पोटगीचें आहे. पंचविसाव्या कलमानें घटस्फोटाच्या हुकूमनाम्याबरोबर, किंवा त्यानंतर केव्हांही, कायमची पोटगी ठरवितां येते. ती एकरकमी असेल वा मासिक. परिस्थिति पालटल्यास रक्कम कमीजास्त होते, व घेणाऱ्यानें पुनर्विवाह केल्यास ती रद्दही होऊं शकते.

हा अर्ज पत्नी करूं शकते तसाच पतीही. नांदेडच्या एका दांपत्याचा विवाह १९९२ सालीं झाला व २०१५ सालीं घटस्फोट झाला. पुढें उत्पन्न नसलेल्या पतीनें शिक्षिका असलेल्या पूर्वपत्नीकडे पोटगी मागितली. नांदेडच्या न्यायालयानें २०१७ सालीं दरमहा ३,००० रुपये अंतरिम पोटगी ठरविली, आणि ती थकल्यावर वेतनांतून दरमहा ५,००० रुपये कापण्यास शाळेच्या मुख्याध्यापकांस फर्माविलें. नातें संपल्यावर पोटगी कसली, हा बाईंचा आक्षेप होता; परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें २०२२ सालीं ते हुकूम कायम केले. संस्कृतांत भर्ता आणि भार्या हे दोन्ही शब्द एकाच 'भृ' धातूपासून झाले आहेत. कायद्यानें धातु ठेवला, लिंगभेद तेवढा सोडला.

रक्कम किती, याचें ठराविक कोष्टक नाहीं. नागपूरच्या एका दांपत्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ४ नोव्हेंबर २०२० रोजीं असें ठरविलें कीं, दोन्ही पक्षांनीं आपली मिळकत, खर्च व कर्ज प्रतिज्ञापत्रावर उघड करावें आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. संसारासाठीं, मुलांसाठीं वा घरांतील वडीलधाऱ्यांच्या शुश्रूषेसाठीं पत्नीस नोकरी सोडावी लागली काय, हेंही पाहावयाचें आहे. म्हणजे त्या बहिणीनें सासूच्या उशाशीं काढलेलीं वर्षें न्यायालयाच्या हिशेबांत येतात; वगळलीं होतीं तीं तिच्या भावानें.

आमच्या आत्या सासर सुटल्यावर जन्मभर आमच्या घरीं राहिल्या. त्यांस कोणी दुखविलें नाहीं. परंतु पंढरपूरच्या गाडीभाड्यासाठींही त्यांस आमच्यापाशीं मागावें लागे. आम्हीं कधीं नाकारलें नाहीं. पण त्यांनीं मागितल्यावांचून कधीं दिलेंही नाहीं, हें आज आठवतें आणि लाज वाटते.

निघतांना बहिणीनें हळूच विचारलें, "गुरुजी, ती ओळ तशीच राहिली तर पुढें मागतां येईल का ?" आम्ही म्हणालों, "कदाचित् येईल; पण तेव्हां तुला प्रथम स्वतःच्या सहीशींच भांडावें लागेल." भावानें मसुदा घडी करून खिशांत घातला. तो कांहीं बोलला नाहीं.

पोटगी ही भीक नव्हे आणि शिक्षाही नव्हे; दोघांनीं मिळून चालविलेल्या संसाराचा तो शेवटचा हिशेब आहे. घरोघरच्या भावांस आमचें इतकेंच सांगणें : बहिणीस घरांत जागा अवश्य द्या, परंतु तिच्या हक्कावर उदक सोडावयाचेंच असेल, तर तें तिनें सोडावें, तुम्हीं नव्हे.