मथळ्यांचा रोग

नरकचतुर्दशीला आपण कारीट फोडतो. यंदा मला एक कारीट मथळ्यांचे फोडायचे आहे. आम्ही भाईंदरकर लोकलमध्ये शेजाऱ्याच्या खांद्यावरून वर्तमानपत्र वाचणारे. गुन्ह्याच्या बातमीत कुठे ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ आले, की मथळ्यात त्याचे ‘मनोरुग्ण’ व्हायला कितीसा वेळ!

अहो, हा रोग फ्रेंच वैद्य शार्को याने १८६८ सालीच वर्णन करून ठेवला. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंचे आवरण कुरतडते. दृष्टी अंधुक होते, पाय लटपटतात. काहींना उदासीही ग्रासते. पण उदास माणूस म्हणजे गुन्हेगार नव्हे. आणि मनोविकार ही तरी शिवी आहे काय? २०१६ च्या दिव्यांग कायद्याने हा रोग आणि मानसिक आजार यांची वेगवेगळी नोंद केली. सरकारला उमगलेला फरक वार्ताहराला उमगू नये?

त्या एका शब्दाने काठी टेकत जिना चढणाऱ्या मुलीकडे सारी इमारत संशयाने पाहू लागते. मथळा पहिल्या पानावर आणि दुरुस्ती आतल्या कोपऱ्यात, हा न्याय मला मान्य नाही. चूक ज्या टाइपात, माफीही त्याच टाइपात हवी!