सॉफ्टवेअर मोफत, कारागीर मोफत नाही

कपड्याच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि संगणकाशी संबंध फार उशिरा आला. तरीही आज संगणकाच्या एका गोष्टीवर लिहीत आहे. कारण त्या बाबतीत मी एका कारागिराची मजुरी कापली होती, आणि तीच चूक आपल्यातील अनेक व्यापारी बंधूंकडून होत असावी असे मला वाटते.

आमच्या ड्रेस मटेरियलच्या डिझाइनचे काम आरे कॉलनीत राहणारा एक तरुण घरी बसून करतो. छपाईचे डिझाइन म्हणजे नुसते सुंदर चित्र नव्हे. चार रंगांचे डिझाइन असेल तर चार स्क्रीन लागतात, म्हणून प्रत्येक रंग वेगळा काढावा लागतो. रिपीटचा सांधा जुळला नाही तर सगळे थान वाया जाते. हे काम तो लिनक्सवर ‘गिंप’ या सॉफ्टवेअरमध्ये करतो. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठातील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते बनवायला घेतले. त्याला ना किंमत, ना महिन्याचे भाडे. चोरीची कॉपी वापरण्याचा प्रश्नही उरत नाही.

२०२५ साली दिवाळीच्या मालाची तयारी चालू असताना त्याचा फोन आला, “चाचा, गिंप अपडेट झाले आणि प्लगइन गायब झाले.” काम दोन दिवस थांबले. मी रागाने दोन दिवसांचे पैसे कापले. फुकटच्या सॉफ्टवेअरला कसले दोन दिवस लागतात, असेही बोललो.

नंतर त्याच्या घरी जाऊन समजून घेतले. प्लगइन म्हणजे लूमवर बसविलेल्या डॉबीसारखा जोडपुर्जा. लूम तोच, पण डॉबी बसवली की नक्षी विणता येते. मात्र एका बनावटीच्या लूमची डॉबी दुसऱ्या बनावटीवर बसत नाही. गिंपची २.१० ही आवृत्ती २०१८ मध्ये आली होती आणि ३.० ही १६ मार्च २०२५ रोजी. जुनी अनेक प्लगइन पायथन २ या भाषेत लिहिलेली होती. त्या भाषेची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली आणि नव्या गिंपमध्ये ती चालत नाही. प्लगइन ३.० साठी नव्याने लिहिलेले असले तरच ते चालते. विंडोजसाठी बनविलेली ‘एक्सई’ फाइल तर लिनक्सच्या गिंपला मुळीच लागू पडत नाही.

दुसरी अडचण जागेची. आरेमध्ये पत्ता युनिटच्या नंबराने सांगतात. नंबर चुकला तर माणूस तबेल्यांमधून फिरत राहतो. नव्या गिंपचेही तसेच आहे. प्रत्येक प्लगइनला स्वतःच्याच नावाचा वेगळा फोल्डर हवा, मोकळी टाकलेली फाइल त्याला दिसत नाही. शिवाय त्याचे गिंप ‘फ्लॅटपॅक’ पद्धतीने बसविलेले, म्हणजे कुंपणाच्या आत. फ्रान्समधील कां शहराच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेले ‘जी-मिक’ हे ५०० हून अधिक फिल्टरचे प्लगइन त्याने उबुंटूच्या भांडारातून घेतले, ते कुंपणाबाहेर बसले. फ्लॅटपॅकच्या गिंपला फ्लॅटपॅकचेच जी-मिक लागते. ते ‘फ्लॅटहब’वरून घेतल्यावर मेनूत आले.

ज्यांच्याकडे असे काम चालते त्यांनी चार गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. गिंपची आवृत्ती कोणती आणि ते कोठून बसविले? प्लगइन त्याच आवृत्तीचे आहे का? एडिट मेनूतील प्रेफरन्सेसमध्ये फोल्डर्सखाली प्लगइन्सची जी जागा दाखविली आहे, तेथेच ते स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले आहे का? आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रोग्रॅम म्हणून चालविण्याची परवानगी दिली आहे का? एवढे पाहून गिंप बंद करून पुन्हा उघडावे. आणि सीझनच्या तोंडावर अपडेट करू नये. चालू लूम ऐन ऑर्डरीत कोणी खोलून ठेवत नाही.

शिकणाऱ्यांसाठी आरेच्या शेजारीच, पवईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा उपक्रम आहे. त्यात गिंपचे धडे विनामूल्य मिळतात. काही मेनू नव्या आवृत्तीत वेगळ्या जागी दिसतील, पण हाताला वळण लागते.

कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, पैसे भरून दुसरे सॉफ्टवेअर घ्यावे. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावे. पण फोटोशॉप बनविणाऱ्या अॅडोबीने २०१३ पासून नव्या आवृत्त्या भाड्यानेच द्यायला सुरुवात केली, आणि घरी बसून डिझाइन करणाऱ्याला दर महिन्याचे भाडे जड जाते. मोफत सॉफ्टवेअरमुळे आपले जे पैसे वाचतात, त्यातला काही हिस्सा ते जोडून चालते ठेवणाऱ्याचा आहे. लूम दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला आपण मजुरी देतो, मग ह्याला का नाही?

कापलेले पैसे मी त्याला परत दिले. आता त्याच्या बिलात दुरुस्तीच्या तासांची वेगळी ओळ असते, आणि तिच्यावर मी घासाघीस करीत नाही.