'आढळले नाही' म्हणजे नेमके काय?

२०१०च्या हंगामात महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांना एक विचित्र अनुभव आला. निर्यातीपूर्वी माल प्रयोगशाळेत तपासलेला होता, कागदपत्रेही पूर्ण होती. तरी युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडले. खरड छाटणीनंतर शेंडेवाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे हे संजीवक शेतकऱ्यांच्या बोलण्यात 'सीसीसी' किंवा 'लिहोसिन' असते. इथल्या प्रयोगशाळांच्या मोजणीत चूक नव्हती. तपासायच्या रसायनांच्या यादीतच ते नव्हते, त्यामुळे कोणी शोधलेच नाही.

भाजी, मसाला किंवा मधाचा एखादा अहवाल गाजतो तेव्हा ही गोष्ट आठवावी. २०२४च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगने भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा 'आमच्या तपासणीत तर काही निघाले नाही' हे उत्तर लगेच ऐकू आले. पण नेमके काय शोधले होते?

प्रयोगशाळेत नमुना आधी बारीक वाटतात. त्यातला साधारण १० ग्रॅम गर घेऊन अॅसिटोनायट्राइल किंवा इथाइल अॅसिटेटमध्ये घुसळतात. क्षार टाकून पाणी वेगळे करतात, रंग-आम्ल काढून टाकणारी पूड घालतात आणि उरलेला द्रव यंत्रात सोडतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्वेचर्स' पद्धतीमुळे हे काम फार सोपे झाले. यंत्रात आधी क्रोमॅटोग्राफीने रसायने एकामागून एक सुटी होतात. मग मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येकाचे रेणू फोडून तुकड्यांच्या वजनावरून ओळख पटवतो. एका फेरीत शेकडो रसायने तपासता येतात, तीही किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम इतक्या सूक्ष्म पातळीवर. दहा-दहा टनांचे दहा ट्रक द्राक्षे आणि त्यात एक ग्रॅम रसायन, असे हे प्रमाण!

एवढे तीक्ष्ण यंत्र असूनही काही गोष्टी निसटतात. सीसीसी किंवा ग्लायफोसेट पाण्यात इतके विरघळते, की वर सांगितलेल्या द्रवात ते नीट उतरतच नाही. त्यांच्यासाठी वेगळी चाचणी करावी लागते. द्राक्ष-टोमॅटोवर सर्रास फवारले जाणारे मॅन्कोझेब तर मूळ रूपात मोजतच नाहीत. आम्लात तापवून त्यातून निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजतात. त्यामुळे त्या कुळातले नेमके कोणते बुरशीनाशक होते, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. इथिलीन ऑक्साइडचीही तीच गत. हा वायू मसाल्यातले जंतू मारायला वापरतात, पण त्यातला बराचसा २-क्लोरोइथेनॉलमध्ये बदलतो. युरोपीय नियम दोन्हींची बेरीज धरतो. नुसता वायू शोधणाऱ्याच्या हाती फारसे लागणार नाही.

मर्यादेचा प्रश्न वेगळा. भारतात नोंदणी नसलेल्या कीटकनाशकांसाठी मसाल्यांतली सरसकट मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम होती. २०२४च्या एप्रिलमध्येच अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ती ०.१ केली. मसाल्यांतले तेल आणि रंग मोजणीत खोडा घालतात, आपण मसाला चिमूटभरच खातो, हे सगळे मान्य. पण काल नापास झालेले पाकीट आज पास होते, आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही नसतो.

द्राक्षांचे पुढे काय झाले? सीसीसी यादीत आले. निर्यातीसाठी बाग 'ग्रेपनेट'वर नोंदवायची, काढणीपूर्वी बागेतून नमुना घ्यायचा, अहवाल आल्यावरच माल हलवायचा, अशी शिस्त आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली संदर्भ प्रयोगशाळा या व्यवस्थेवर लक्ष ठेवते. परदेशी ग्राहकासाठी हे जमते. आपल्या बाजार समितीत मात्र सकाळी लिलाव झालेली मेथी संध्याकाळी कढईत असते. केंद्र सरकारची देशपातळीवरील अवशेष तपासणी २००५-०६ पासून चालू आहे, पण तिचे निष्कर्ष येईपर्यंत ती भाजी पचलेली असते. भाजी आली कोणाच्या शेतातून, हे शोधणेही जवळजवळ अशक्य. बाजारातल्या मालाला बागेसारखा नोंदणी क्रमांक मिळत नाही, तोवर प्रयोगशाळा वाढवून फार फरक पडेल असे वाटत नाही.

तूर्त कोणी 'रसायनमुक्त'चा अहवाल पुढे केला, तर पहिले पान उलटून मागची यादी मागावी: कोणकोणती रसायने तपासली आणि कोणती सर्वांत कमी मात्रा मोजता येत होती.