'तिकडे' म्हणजे नेमके कुठे?

चार वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंत अंक येतात, इंग्रजी कविता येतात, मोबाइलवर हवे ते गाणे लावता येते, हे पालक कौतुकाने सांगतात. पण त्याच मुलाला 'दारामागची चप्पल आण' असे सांगून पाहा. पुष्कळ मुले गोंधळतात. दोष त्यांचा नाही, आपल्या बोलण्याचा आहे. 'ते तिकडे आहे बघ', 'हे तिथे ठेव' असे म्हणून आपण बोट दाखवतो. मूल बोटाकडे पाहून काम उरकते, शब्द शिकायचा राहूनच जातो. आत-बाहेर, वर-खाली, मागे-पुढे, शेजारी हे शब्द अंकपाठांच्या आधी यायला हवेत आणि त्यांची खरी शाळा घर हीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. लहान मुलाला 'पोट कुठे दुखते?' असे विचारले की ते बहुधा बेंबीवर हात ठेवते, मग दुखणे कुठलेही असो. अपेंडिक्सचे दुखणे पुष्कळदा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे, खालच्या बाजूला सरकते. 'आधी मधोमध दुखत होते, आता इथे खाली दुखते' एवढे सांगू शकणारे मूल डॉक्टरांचे काम सोपे करते. अशा दुखण्यात वेळेला फार किंमत असते.

कोणत्या वयात काय अपेक्षावे, हेही पालकांनी समजून घ्यावे. साधारण दोन वर्षांच्या सुमारास 'आत' आणि 'वर' कळू लागते, तिसऱ्या वर्षी 'खाली', चौथ्या-पाचव्या वर्षी 'मागे', 'पुढे', 'मध्ये'. डावे-उजवे सर्वांत शेवटी येते. स्वतःचा उजवा हात बहुतेक मुले सहा-सात वर्षांपर्यंत ओळखू लागतात. समोरच्या माणसाचा उजवा हात ओळखायला त्याहून अधिक काळ लागतो, हे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२० च्या दशकातच दाखवले होते. म्हणून समोर उभे राहून 'हा माझा उजवा' असे शिकवू नका. मुलाच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभे राहा.

आपले ३ आणि ६ हे आकडे तर एकमेकांचे आरशातले रूप. पाच-सहा वर्षांच्या मुलाने एकाच्या जागी दुसरा काढला तर छडी उगारू नये. आठव्या वर्षानंतरही अशी उलटापालट होत असेल आणि वाचनही अडत असेल, तर मात्र सल्ला घ्यावा.

शिकवण्यासाठी महागडे तक्ते नकोत. 'वाटी ताटाच्या शेजारी ठेव', 'पिशवी खुर्चीखाली सरकव' असे पूर्ण वाक्य बोलावे आणि त्या वेळी बोट दाखवू नये. लपंडावात सापडलेल्या मुलाला 'कुठे लपला होतास?' असे विचारून उत्तर शब्दांत घ्यावे. ताट वाढताना मुलाला ताटासमोर बसवून मीठ वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे हे त्याच्याकडूनच करून घ्यावे. अंगणात उगवतीची बाजू दाखवावी. रस्ता ओलांडताना हात धरून 'आधी उजवीकडे बघ' असे म्हणावे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे जवळचे वाहन उजवीकडून येते.

आता एक सावधगिरीची सूचना. तीन वर्षांचे मूल हातवारे न करता सांगितलेले 'चेंडू खोक्यात टाक' इतके साधे कामही करत नसेल, तर त्याला हट्टी ठरवू नका. आधी कान तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येते आणि ते घरच्यांच्या ध्यानात येत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत येतात, त्यांना मूल अवश्य दाखवावे.

शेवटी डावखुऱ्या मुलांविषयी. 'जेवायचा हात तो उजवा' ही आपली जुनी खूण. पण डाव्या हाताने घास घेणाऱ्या मुलाला ती फसवते आणि वर मारही बसतो. डावखुरेपणा हा आजार नाही, त्याला औषध नको आणि चटकाही नको. अशा मुलाच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधा आणि 'दोऱ्याचा हात तो उजवा' असे सांगा. मुलांना डावे-उजवे जरूर शिकवा, पण मुलांमध्ये डावे-उजवे करू नका.